मालात न आलेली रिव्हॉल्व्हरं



आजच्या गोष्टीची सुरुवात नोएडातल्या एका खोक्यापासून करतो. माझ्या एका मित्राची मुलगी नेमबाजी शिकते. तिच्यासाठी त्याने ऑनलाइन एअर पिस्तूल मागवलं. ठरावीक ताकदीच्या आतलं, छऱ्यांचं, ज्याला परवाना लागत नाही तसलं. खोकं आलं, उघडलं, पिस्तूल होतं, छऱ्यांच्या डब्या होत्या, पण हवा भरायचा जोड मात्र नव्हता. बिलात त्याचं नाव छापलेलं, खोक्यात त्याची जागा रिकामी. मग पुढचे आठ दिवस फोन, फोटो, तक्रार क्रमांक, ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ वगैरे. नवव्या दिवशी जोड आला. मित्र वैतागला होता, पण त्याच्या हातात बिल होतं, पावती होती, भांडायला जागा होती.

त्याचं ऐकताना मला दुसरीच एक ऑर्डर आठवली. ती पुण्यात दिली गेली, माल मुंबईत पोचवायचा होता आणि वापरायचा होता दिल्लीत. तिची पावती नव्हती, असणं शक्यच नव्हतं. तीन प्रकारचा माल मागितला होता, दोनच प्रकारचा मिळाला. जो मिळाला नाही त्याच्या शोधात पुढचे अठरा दिवस काही माणसं पुणे, मुंबई, दिल्ली, पुन्हा मुंबई, पुन्हा दिल्ली आणि शेवटी ग्वाल्हेर अशी फिरली. तारीख होती 10 जानेवारी 1948.

गांधीहत्येवर आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक नथुरामच्या भाषणावर, म्हणजे त्याच्या न्यायालयातल्या निवेदनावर. बाजूने किंवा विरुद्ध. त्यात मी आज शिरणार नाही. मला रस आहे तो हत्याराच्या वाटेत. कारण खून करणारा माणूस काय बोलतो हे त्याच्या हातात असतं, पण हत्यार कुठून कुठे गेलं, कोणाच्या हातांतून गेलं, ते मात्र इतरांनी पाहिलेलं असतं.

तर पुण्यात दिगंबर बडगे नावाचा एक माणूस ‘शस्त्रभांडार’ या नावाचं दुकान चालवायचा. मूळचा चाळीसगावचा. दुकानात सुरे, जंबिये असला माल उघडपणे विकायला असे आणि त्या काळी पुण्यात त्याला परवान्याची गरज नव्हती. बंदूक, पिस्तूल, दारूगोळा यांची गोष्ट वेगळी. 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांनी केलेला, स्वातंत्र्यानंतरही तोच चालू होता, आणि परवान्याशिवाय असली वस्तू बाळगणं हा गुन्हा होता. बडगेचा खरा धंदा दुकानाच्या मागच्या बाजूने चाले. फाळणीच्या आगेमागे असल्या मालाला गिऱ्हाईक पुष्कळ. हैदराबादच्या सरहद्दीवरची माणसं, दंग्याच्या धास्तीतली माणसं, संघटनांची माणसं. महायुद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती, लष्करी डेपोंमधून काय काय बाहेर आलं होतं त्याचा हिशेब नव्हता.

10 जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास नारायण आपटे बडगेला घेऊन ‘हिंदू राष्ट्र’ या दैनिकाच्या कचेरीत गेला. संपादक नथुराम गोडसे, व्यवस्थापन आपटेकडे. तिथे मागणी सांगितली गेली: गनकॉटनच्या दोन वड्या, पाच हातबॉम्ब, दोन रिव्हॉल्व्हरं. गनकॉटन म्हणजे लष्करी वापराचं स्फोटक, पांढऱ्या जाड वडीसारखं. बडगे म्हणाला, वड्या देतो, हातबॉम्ब देतो, रिव्हॉल्व्हरं माझ्याकडे नाहीत. ठरलं ते असं, की जो आहे तो माल 14 तारखेच्या संध्याकाळी मुंबईत, दादरच्या हिंदू महासभेच्या कचेरीत आणून द्यायचा.

दुकानदार आहे तो माल देतो, नाही तो नाही म्हणून सांगतो. एवढीच गोष्ट. पण जरा विचार करा. वडी फुटते तेव्हा आवाज होतो, भिंत पडते, धावपळ होते. हातबॉम्ब गर्दीत फेकला तर कोण मरेल सांगता येत नाही. एका ठरावीक माणसाला मारायचं तर जी वस्तू लागते, तीच यादीतून गळली होती. तरीही बेत रद्द झाला नाही. तीन दिवसांनी, 13 जानेवारीला, गांधीजींनी दिल्लीत बिर्ला भवनात उपोषण सुरू केलं. 13 आणि 14 तारखेला नथुरामने आपल्या विम्याच्या दोन पॉलिसींवर वारस नेमले, दोन हजारांच्या पॉलिसीवर आपटेची पत्नी आणि तीन हजारांच्या पॉलिसीवर धाकट्या भावाची, गोपाळची पत्नी. म्हणजे माल अपुरा असतानाच माणसाने परतीचा रस्ता बंद करून टाकला होता.

14 तारखेला बडगे आपला नोकर शंकर किस्तय्या याला घेऊन दादरला पोचला. खाकी पिशवीत दोन वड्या, पाच हातबॉम्ब. पिशवी रात्री भुलेश्वरला दीक्षित महाराजांच्या घरी ठेवली गेली. दीक्षित महाराज हे वैष्णव मंदिराच्या गादीवरचे, आणि फाळणीच्या काळात हत्यारं जमवणाऱ्यांशी त्यांचे संबंध होते. दुसऱ्या दिवशी सगळे त्यांच्याकडे गेले. पिशवी उघडली गेली. हातबॉम्ब कसा वापरायचा ते महाराजांनी समजावलं, असं पुढे साक्षीत आलं. आणि तिथेच आपटेने विषय काढला, एखादं रिव्हॉल्व्हर मिळेल का? महाराजांनी दिलं नाही.

इथे पहिली खूण पडली. रिव्हॉल्व्हर बडगेच्याच मालात मिळालं असतं तर आपटेला भुलेश्वरच्या त्या बैठकीत तोंड उघडायचं कारण नव्हतं. नसलेल्या वस्तूसाठी त्याला बाहेरच्या माणसासमोर हात पसरावा लागला, आणि तो माणूस पुढे सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला.

दुसरी सोय घरातलीच होती. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी मोटार सुट्या भागांच्या डेपोत स्टोअरकीपर. त्याने रिव्हॉल्व्हर आणायचं ठरलं. त्यासाठी त्याने 15 तारखेपासून सात दिवसांच्या रजेचा अर्ज केला. रजा लगेच मिळाली नाही, 17 पासून मिळाली. सरकारी कचेरीतला हा कागद खटल्यात पुरावा म्हणून आला. कटवाल्यांचा माणूस वरिष्ठांकडे रजेचा अर्ज देतो, तो नामंजूर होतो, पुन्हा देतो. हे कारकुनी जग किती चिवट असतं बघा. बेत कितीही भयंकर असो, रजा साहेबाच्या सहीशिवाय नाही.

तिसरी सोय ही माझ्या मते सगळ्यात बोलकी. 16 जानेवारीला पुण्यात नथुरामने बडगेच्या हातात एक छोटं पिस्तूल दिलं आणि सांगितलं, हे देऊन मोठं रिव्हॉल्व्हर बदलून आण. बडगे आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्याला त्यानेच पूर्वी रिव्हॉल्व्हर विकलं होतं. पिस्तूल देऊन ते रिव्हॉल्व्हर परत घेतलं, सोबत चार काडतुसं. म्हणजे वस्तू बदलून घेण्याचा व्यवहार झाला, अगदी आपण दुकानात करतो तसा. फक्त तपासून घेतलं नाही.

पैसे मुंबईत उभे केले गेले. 17 तारखेला सकाळी टॅक्सीतून फिरून आपटे आणि नथुरामने तीन जणांकडून वर्गणी घेतली, हजार, शंभर आणि हजार. देणाऱ्यांना हैदराबादच्या लढ्यासाठी वगैरे कारणं सांगितलेली. त्याच दिवशी दुपारी दोघे विमानाने दिल्लीला गेले, तिकिटावरची नावं डी. एन. करमरकर आणि एस. मराठे. अहमदनगरचा विष्णू करकरे आणि पंजाबातून निर्वासित म्हणून आलेला मदनलाल पाहवा हे दोघे आधीच रेल्वेने निघाले होते. गोपाळ 18 ला पोचला, बडगे आणि शंकर 19 ला संध्याकाळी.

दिल्ली ज्यांना माहीत आहे त्यांनी नकाशा डोळ्यांपुढे आणावा. कॅनॉट प्लेसला मरीना हॉटेल, तिथे खोली क्रमांक 40 मध्ये नथुराम आणि आपटे, रजिस्टरात ‘देशपांडे’. त्याच्या पश्चिमेला आजचा मंदिर मार्ग, तेव्हाचा रीडिंग रोड. तिथे बिर्ला मंदिर, शेजारी हिंदू महासभा भवन आणि मागे रिजचं जंगल. दक्षिणेला अल्बुकर्क रोडवर बिर्ला भवन, ज्याला आज आपण गांधी स्मृती म्हणतो आणि रस्त्याला तीस जनवरी मार्ग. टॅक्सीने सगळं दहा-पंधरा मिनिटांत. आजही महाराष्ट्रातून दिल्ली बघायला गेलेली मंडळी बिर्ला मंदिर बघतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. मागच्या झाडीत काय झालं ते कोणी सांगत नाही.

20 जानेवारीला सकाळी त्या झाडीत रिव्हॉल्व्हरं पहिल्यांदा चालवून बघितली गेली. जरा दिवस मोजा. मागणी दिली 10 तारखेला. वस्तू जमल्या 16–17 ला. आणि त्या चालतात की नाही हे पाहिलं ते वापरायच्या दिवशी, दुपारच्या आधी. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचा गोळ्यांचा फिरता भाग नीट काम देईना. बडगेच्या बदलून आणलेल्या रिव्हॉल्व्हरातून गोळी सुटली, पण समोरच्या झाडापर्यंत पोचली नाही, आधीच खाली पडली. शंकरला तेलाची बाटली आणि चाकू आणायला पाठवलं. गोपाळ बसून दुरुस्ती करू लागला. तेवढ्यात वनखात्याचे तीन रखवालदार तिकडून आले. हत्यारं शालीखाली गेली. काहीतरी बोलून त्यांना वाटेला लावलं. त्यांच्यापैकी एक जण सहा महिन्यांनी लाल किल्ल्यात साक्षीला उभा होता.

दुरुस्ती पुढे मरीना हॉटेलच्या खोलीत झाली. नथुराम डोकेदुखीने पलंगावर पडून. संध्याकाळी वाटप झालं. बडगेच्या साक्षीप्रमाणे बडगे आणि शंकर यांच्याकडे प्रत्येकी एक रिव्हॉल्व्हर आणि एक हातबॉम्ब. मदनलालने वडी उडवायची, गोंधळ झाला की प्रार्थनेच्या चौथऱ्यामागच्या नोकरांच्या खोलीतून, जाळीच्या झरोक्यातून बडगेने गोळी झाडायची. बाकीच्यांनी हातबॉम्ब.

बडगे त्या खोलीपर्यंत गेला आणि आत जायला तयार झाला नाही. दारापाशी माणसं बसली होती. आत गेलो तर सापळ्यात सापडू, समोरून येतो, असं त्याने सांगितलं. मग टॅक्सीपाशी जाऊन दोन्ही रिव्हॉल्व्हरं टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी टॅक्सीत ठेवली. नुसत्या कोटाच्या खिशात हात घालून तो प्रार्थनेला गेला. वडी फुटली. भिंतीचा काही भाग पडला. गांधीजी जागेवरून हलले नाहीत, लोकांना शांत राहायला सांगत राहिले. एका बाईने मदनलालला ओळखून दाखवलं, तो पकडला गेला, अंगावर जिवंत हातबॉम्ब सापडला. उरलेले तिथून निसटले.

अनेक पुस्तकांत हा प्रसंग फजितीसारखा रंगवलेला असतो. पळपुटा बडगे, न चालणारी रिव्हॉल्व्हरं, हसू येईल असा. मला तो तसा वाचवत नाही. विक्रेत्याने 10 तारखेला ‘नाही’ म्हटलेली वस्तू नंतर त्याच विक्रेत्याच्या खिशात कोंबून त्यालाच पुढे केलं होतं. बडगे माल विकणारा होता. आयत्या वेळी तो आपल्या धंद्यावर परत गेला, एवढंच. आणि ज्या संध्याकाळी आपण त्याला हसतो, त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलेल्या बायकामुलांमध्ये हातबॉम्ब फेकायचे होते, हे विसरायला होतं.

बडगे त्याच रात्री पुण्याच्या गाडीत बसला. जाण्याआधी शंकरला महासभा भवनामागे पिशवीतला माल टाकून यायला सांगितलं होतं, तो पुढे शंकरने दाखवलेल्या जागेवरून पोलिसांनी काढला. गोपाळ आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन परतला. ते त्याने पुण्यात एका मित्राकडे ठेवायला दिलं, आणि 30 जानेवारीनंतर ते फेकून देण्यात आलं. न्यायालयात त्याच्याविषयी साक्षी झाल्या, रिव्हॉल्व्हर मात्र टेबलावर कधी आलं नाही.

आता पोलिसांकडे काय होतं ते बघा. 20 तारखेच्या रात्री मदनलाल ताब्यात. त्याच्या बोलण्यातून करकरेचं नाव, मोडक्या उच्चारात का होईना, मिळालं. पुण्यातल्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख मिळाला. मरीना हॉटेलात धुवायला दिलेले कपडे राहिले होते, त्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी धोब्याची खूण. पुण्याचे गुप्तचर विभागाचे उपमहानिरीक्षक राणा योगायोगाने दिल्लीतच होते. त्यांच्या हातात मदनलालच्या जबानीची प्रत 25 जानेवारीला दिली गेली. ते रेल्वेने, अलाहाबादमार्गे, 27 तारखेला दुपारी मुंबईत पोचले. आणि त्याच 27 तारखेला सकाळच्या विमानाने नथुराम आणि आपटे मुंबईहून दिल्लीला निघाले होते. कागद रेल्वेने पश्चिमेकडे येत होता, माणसं विमानाने उत्तरेकडे जात होती.

मधल्या दिवसांत ते काय करत होते? पुन्हा तेच, रिव्हॉल्व्हर. दिल्लीहून कानपूरमार्गे 23 ला मुंबईत आले, वेगवेगळ्या नावांनी हॉटेलांत राहिले, ठाण्याला करकरे आणि गोपाळला भेटले. 26 जानेवारीला पुन्हा भुलेश्वर. पुन्हा दीक्षित महाराज आणि त्यांचे थोरले बंधू दादा महाराज. पुन्हा तीच मागणी. पुन्हा नकार. म्हणजे 20 तारखेच्या स्फोटानंतर, देशभर बातमी छापून आल्यावर, ज्यांच्या घरी पिशवी ठेवली होती त्यांच्याच दारात तीच माणसं तीच वस्तू मागत उभी होती. दोन्ही महाराजांनी ती गोष्ट त्या दिवशी पोलिसांना सांगितली असती तर? ‘जर-तर’चा इतिहास मला आवडत नाही, पण इथे प्रश्न टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. न्यायाधीश आत्माचरण यांनी निकालपत्राच्या शेवटी 20 ते 30 जानेवारी या काळातल्या पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवलं. पुढे 1966 मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी आयोग आला, त्यांचा अहवाल 1969 चा. त्यात हे दहा दिवस अक्षरशः तासातासाने तपासले आहेत.

27 ला दुपारी दोघे दिल्लीत उतरले, संध्याकाळची गाडी धरली आणि रात्री साडेदहानंतर ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरच का? एक तर ओळख. डॉक्टर दत्तात्रय परचुरे तिथले मराठी डॉक्टर, हिंदू महासभेचे पुढारी. शिंद्यांचं संस्थान, मराठी घरांचं जुनं गाव, आणि आपल्या ऐकणाऱ्यांत तिथली मंडळी आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. दुसरं कारण मी तर्काने सांगतो. जानेवारी 1948 मध्ये ग्वाल्हेर अजून स्वतंत्र कारभाराचं संस्थान होतं, मध्य भारत संघ झाला तो त्याच वर्षी मे महिन्यात. संस्थानात सैन्य वेगळं, कायदा वेगळा, पोलिस वेगळे. दिल्ली आणि मुंबईत ज्या वस्तूसाठी दारोदार फिरावं लागत होतं ती तिथे सुटी मिळण्याची शक्यता जास्त होती.

28 तारखेला परचुरेंच्या घरी काय झालं, त्याची सरकारी पक्षाने मांडलेली हकीकत अशी. गंगाधर दंडवते या कार्यकर्त्याने आधी एक गावठी रिव्हॉल्व्हर आणलं. ते अंगणात चालवून पाहिलं, ते बिघडलेलं निघालं. म्हणजे महिन्याभरातलं न चालणारं हे तिसरं. मग दंडवतेने जगदीशप्रसाद गोयल याच्याकडचं पिस्तूल आणलं: इटालियन बनावटीचं बेरेटा, नऊ मिलिमीटरचं, क्रमांक 606824. हे चालत होतं. 29 ला सकाळी दोघे दिल्लीत, जुन्या दिल्ली स्टेशनच्या विश्रांतिगृहात सहा नंबरच्या खोलीत. 30 जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर त्या बेरेटातून तीन गोळ्या सुटल्या.

पिस्तूल जागेवरच हस्तगत झालं. फिल्लौरच्या पोलिस प्रयोगशाळेने गोळ्या आणि पिस्तूल जुळवून दाखवलं. पण झाडलं कोणी याविषयी वाद नव्हताच. नथुरामने ते कबूल केलं होतं. वाद होता तो वेगळाच, आणि आज तुम्हाला एवढ्या लांब आणलं ते याच्यासाठी.

27 मे 1948 ला लाल किल्ल्यात विशेष न्यायालय बसलं. 149 सरकारी साक्षीदार. नथुरामची भूमिका पहिल्यापासून एकच, की हे कृत्य माझ्या एकट्याचं, कट नव्हता. ही भूमिका टिकायची तर पिस्तूल एकट्याला मिळालेलं असायला हवं. म्हणून त्याने निवेदनात सांगितलं, की ग्वाल्हेरला मी गेलो तो दिल्लीत निदर्शनांसाठी स्वयंसेवक मिळवायला, ते मिळाले नाहीत. पिस्तूल मला दिल्लीत, निर्वासितांच्या छावणीत एका माणसाकडून मिळालं. सांगणं चतुर होतं. त्या वेळी दिल्लीच्या छावण्यांत हजारो माणसं होती, हत्यारंही होती, विकणाऱ्याचं नाव विचारलं तर सांगता न येणं स्वाभाविक. पावती नसलेल्या व्यवहाराचा फायदा आरोपीला कसा होतो ते इथे दिसतं. ग्वाल्हेर खरं धरलं तर आपटे कटात, परचुरे कटात, दंडवते कटात. छावणी खरी धरली तर माणूस एकटा.

सरकारी पक्षाचा आधार दोन ठिकाणी होता. एक बडगे, तो 21 जूनला माफीचा साक्षीदार झाला आणि जुलैमध्ये कित्येक दिवस त्याची साक्ष आणि उलटतपासणी चालली. दुसरा, परचुरेंचा ग्वाल्हेरच्या दंडाधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब, जो त्यांनी नंतर नाकारला.

माफीच्या साक्षीदाराबद्दल आपला पुरावा कायदा सावध आहे. स्वतः गुन्ह्यात असलेला माणूस सुटकेच्या बदल्यात बोलतो, म्हणून महत्त्वाच्या बाबींत त्याला दुसरीकडून दुजोरा हवा. 10 जानेवारीच्या मागणीबद्दल बडगेला दुजोरा कुठून मिळाला? दीक्षित महाराजांकडून, कारण त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर मागितलं होतं. वनरखवालदाराकडून, कारण बिघडलेलं रिव्हॉल्व्हर झाडीत तपासावं लागलं. गोपाळच्या रजेच्या अर्जाकडून. टॅक्सीवाल्याकडून. बडगेकडे त्या दिवशी दोन चांगली रिव्हॉल्व्हरं असती आणि त्याने ती दिली असती, तर यातल्या अर्ध्या माणसांनी काही पाहिलंच नसतं. उलट जिथे असा दुजोरा मिळाला नाही, तिथे न्यायाधीशांनी बडगेवर भिस्त ठेवली नाही. सावरकरांविरुद्ध जे होतं ते मुख्यतः बडगेच्या सांगण्यावर होतं, आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढणं धोक्याचं, असं म्हणून आत्माचरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालात त्यांना निर्दोष सोडलं. या निकालावरचे वाद तुम्हाला ठाऊक आहेत. मी फक्त एवढं दाखवतोय, की एकाच साक्षीदाराला एका मुद्द्यावर मानणं आणि दुसऱ्यावर न मानणं हे त्या निकालात मनमानीने झालेलं नाही.

नथुराम आणि आपटेला फाशी, करकरे, मदनलाल, गोपाळ, शंकर आणि परचुरे यांना जन्मठेप. शंकरची शिक्षा कमी करावी, अशी शिफारसही न्यायाधीशांनीच केली होती. अपील शिमल्याला, पूर्व पंजाब उच्च न्यायालयात, भंडारी, अच्छरूराम आणि खोसला या तीन न्यायमूर्तींपुढे चाललं. नथुरामने खुनाच्या शिक्षेविरुद्ध अपील केलंच नव्हतं. तो स्वतः उभा राहून भांडला ते कट नव्हता एवढ्याच मुद्द्यावर. ते त्याला जमलं नाही, कट मान्य झाला. पण जून 1949 च्या त्या निकालात शंकर सुटला आणि संशयाचा फायदा मिळून परचुरेही सुटले. दंडवते आणि आणखी दोघे पहिल्यापासून फरार म्हणून नोंदलेले, लाल किल्ल्यातल्या आरोपींच्या बाकावर ते बसलेच नाहीत.

म्हणजे हिशेब असा लागतो. 10 जानेवारीच्या यादीतल्या वड्यांचा आणि हातबॉम्बांचा माग शेवटपर्यंत लागला. कोणी दिले, कुठे ठेवले, कुठे पुरले, सगळं. बदलून आणलेल्या रिव्हॉल्व्हरचा व्यवहार कळला. गोपाळचं रिव्हॉल्व्हर कुठे नाहीसं झालं तेही कळलं. आणि ज्या पिस्तुलाने काम केलं, ज्याचा क्रमांक आज कोणत्याही पुस्तकात सापडतो, ते पुरवल्याबद्दलची एकही शिक्षा अपिलात टिकली नाही.

बडगे माफीमुळे सुटला. नथुराम आणि आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढच्या भागात आपण कपूर आयोगाकडे वळू, आणि 1964 साली पुण्यात झालेल्या ज्या एका सत्कार समारंभातल्या भाषणामुळे हा सगळा विषय सोळा वर्षांनी पुन्हा उघडला, तिथून सुरुवात करू. आज इथे थांबतो.